परबांची तिसरी

सहदेव परब सापाला भीत नसे. गोरेगाव पूर्वेला, आरे कॉलनीच्या कुंपणाला पाठ लावून उभ्या असलेल्या त्यांच्या चाळीत पावसाळ्यात साप निघायचे. साप निघाला की बाकीचे बाप्ये खाटेवर चढायचे आणि बायका सहदेवला हाका मारायच्या. तो यायचा, सापाला काठीवर उचलून कुंपणापलीकडे सोडायचा आणि घरी जाऊन उरलेला चहा प्यायचा. उंचीलाही तो भीत नसे. संपात गिरणी बसल्यापासून तो सिनेमाच्या स्टुडिओत सेट उभारणाऱ्या माणसांत लागला होता. तिथे छपराला टांगलेल्या वीतभर फळीवरून, हातात हातोडा घेऊन, घरच्या ओसरीवर फिरावं तसा तो फिरायचा. असा हा गडी एकाच गोष्टीला थरथर भ्यायचा, आणि ती गोष्ट म्हणजे इयत्ता तिसरी.

हसू येईल, पण ज्याचं जळतं त्यालाच ते कळतं. परबांच्या घरात तिसरी कुणी ओलांडलीच नव्हती. सहदेवचा बाप तिसरीत अडकला आणि गुरांमागे गेला. थोरला भाऊ तिसरीत अडकला आणि होडीवर गेला. सहदेवची पाळी आली त्या वर्षी गावच्या शाळेत तपासणीला दिपोटी साहेब आले. साहेबांनी नेमकं त्यालाच उभं केलं आणि विचारलं, "टोपलीत चोवीस आंबे आहेत. चौघांना सारखे वाटले, तर प्रत्येकाला किती?" सहदेवच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. साहेबांची टोपी, मास्तरांची छडी, मागची पोरं, सगळं गरगर फिरू लागलं. काहीतरी बोलायला हवं म्हणून तो म्हणाला, "आंबे कोणाचे?" वर्ग हसला. साहेबही हसले. मास्तर मात्र हसले नाहीत. त्यांच्याकडे बघून सहदेवची चड्डी ओली झाली, आणि मग वर्ग जो हसला, तो त्याच्या कानांत पुढची तीस वर्षं हसत राहिला. दुसऱ्या दिवशी तो शाळेत गेला नाही. मिसरूड फुटायच्या आत तो मुंबईला मामाकडे आला आणि गिरणीत बदली कामगार झाला.

आता त्याची एकुलती एक पोर, सुलक्षणा, दुसरी पास होऊन तिसरीत गेली होती. चाळीने पेढे खाल्ले. सहदेवने पेढा हातात धरला आणि बायकोला म्हणाला, "मालन, तिसरी इली गो."

"मग? दुसरीनंतर काय पाचवी येतली?" मालन म्हणाली. ती औषधांच्या कारखान्यात बाटल्यांना लेबलं लावायची, आणि नवऱ्याच्या मनातल्या काळजीवर लावायला तिच्याकडे वेगळं लेबल नव्हतं.

शाळा सुरू झाली तशी पालकांची सभा लागली. मालनची सकाळची पाळी होती. "तुमीच जावा," ती म्हणाली, "बाई काय खातली तुमका?" सहदेव इस्त्रीचा शर्ट घालून गेला. तिसरीच्या वर्गाच्या दारात पाय टाकताना त्याच्या तळव्यांना घाम फुटला. पालकांना पोरांच्याच बाकांवर बसवलं होतं. गुडघे बाकाखाली मावेनात. त्याला वाटलं, आता दार लागणार आणि छडी निघणार.

तिसरीच्या बाई म्हणजे वसुधा ताम्हणे, चष्म्यावरून बघणाऱ्या, सडपातळ आणि स्पष्ट बोलणाऱ्या. त्यांनी छडी काढली नाही, पण जे सांगितलं ते सहदेवला छडीहून लागलं. "तिसरी हे वळण आहे," त्या म्हणाल्या. "दुसरीपर्यंत मुलं शिकतात कसं वाचायचं. तिसरीत वाचून समजायला लागतं. आता वाचन मनातल्या मनात. आता लेखी परीक्षा. भागाकार येईल, पंधरापर्यंत पाढे येतील, जिल्ह्याचा नकाशा येईल. आणि सगळ्यांत अवघड म्हणजे शाब्दिक उदाहरणं."

"म्हंजे कसली?" पुढच्या बाकावरच्या एका बाईने विचारलं.

"म्हणजे गणित आकड्यांत नाही, वाक्यात दिलेलं. बेरीज करायची की वजाबाकी, वाटायचं की गुणायचं, ते मुलानं स्वतः ओळखायचं. निम्मी मुलं तिथे घाबरतात आणि हाताला लागेल ते करून मोकळी होतात. त्यांना गणित येत असतं, विचारलंय काय ते वाचलेलं नसतं. म्हणून घरी एकच करा, प्रश्न तुम्ही वाचून दाखवू नका. मुलालाच वाचू दे. आधी प्रश्न, मग उत्तर." मग चष्मा काढून त्या म्हणाल्या, "आणखी एक. या वयाचं मूल सगळं ऐकतं आणि स्वतःच अर्थ लावतं. पूर्वी ते तुम्हाला विचारायचं, आता विचारणार नाही. तेव्हा घरात काय बोलता ते सांभाळा."

सहदेवच्या डोक्यात यातलं एकच राहिलं, निम्मी मुलं घाबरतात. बाकी सगळं त्या बाकावरच सांडलं. घरी आल्यावर मालनने विचारलं, बाई काय म्हणाल्या? तो म्हणाला, "आंबे वाटूक सांगतली." मालनला काही उलगडा झाला नाही.

आणि झालंही तसंच. पहिल्या घटक चाचणीत सुलूने पाढे धडाधड लिहिले, पण शाब्दिक उदाहरणांवर तीन लाल फुल्या घेऊन ती घरी आली. मालन म्हणाली, "होतला. पयलीच तर चाचणी." पण सहदेवला त्या फुल्यांत आपला बाप दिसला, भाऊ दिसला आणि स्वतःची ओली चड्डी दिसली. संध्याकाळी सुलू दारात खेळत होती, आणि तो आत दबक्या आवाजात मालनला म्हणाला, "नापास झाली तर हयसर लोकांची हसणी ऐकत ऱ्हवण्यापेक्षा गावाक धाडूया तिका. सोनूबायकडे." सोनूबाई म्हणजे त्याची गावातली विधवा बहीण. मालनने त्याच्याकडे असं बघितलं की तो विषय तिथेच संपला. निदान त्यांना तसं वाटलं. बाहेर सुलूचा लंगडीचा पाय हवेतच थांबला होता, ते कुणी बघितलं नाही.

गणपतीला सगळे गावी गेले. कोकणातला माणूस मुंबईत कितीही वर्षं राहिला, तरी मोठं काम काढायचं झालं की ग्रामदेवतेला कौल लावतो. देवाच्या अंगाला भिजवलेल्या कळ्या चिकटवायच्या, गुरवाने प्रश्न घालायचा, आणि मग कुठली कळी पडते ते बघत श्वास धरून उभं राहायचं. उजवी पडली तर देव हो म्हणाला, डावी पडली तर नाही. लग्न जमेल का, विहिरीला पाणी लागेल का, नोकरी मिळेल का, सगळं तिथेच. डावा कौल घेऊन हसत बाहेर पडलेला माणूस सहदेवने जन्मात बघितला नव्हता.

त्या दिवशी देवळात मुंबईकरांची रांग लागली होती. सुलू पहिल्यांदाच कौल बघत होती. रांगेत तिने सोनूआत्याच्या लुगड्याला ओढून विचारलं, "आत्या, ती कळी पडली की काय?"

"उजवी म्हंजे व्हय, डावी म्हंजे नाय," आत्या म्हणाली. "देव तेवढाच बोलता."

सहदेवचा नंबर आला. वाटेत त्याने प्रश्न शंभरदा घोळवला होता, पण गाभाऱ्यापुढे उभा राहिल्यावर तीच जुनी अंधारी आली. बाळा गुरव त्याच्याहून पाचेक वर्षांनी मोठा, लहानपणचा ओळखीचा. त्याने विचारलं, "काय रे सहदेवा, काय घालूचा देवाक?"

सहदेवच्या मनात महिनाभर जे भूत नाचत होतं तेच तोंडातून निघालं. "चेडू नापास होतला काय, तां इचार."

बाळा गुरवाचं काय जातं? त्याने डोळे मिटून सूर लावला, "बा देवा म्हाराजा! ह्यो परबांचो सहदेव मुंबैसून इलो हा. तेचा चेडू तिसरीत गेला हा. ता ह्या वर्षाक नापास होतला काय, ता सांग रे म्हाराजा. होतला तर उजवो दी, नाय होतला तर डावो दी!"

"व्हय म्हाराजा!" मागची माणसं म्हणाली.

सुलूने बापाच्या सदऱ्याचं टोक धरलं होतं. समईची वात हलली, आणि डावीकडची कळी सुटून खाली पडली.

"डावो दिल्यान. चल, म्होरचो कोण?" बाळा गुरव म्हणाला. मागे रांग होती, त्याला दमही नव्हता आणि चेहरे वाचायची सवयही.

सहदेवने फक्त डावी कळी बघितली. प्रश्न काय घातला होता ते त्याच्या डोक्यातून केव्हाच पुसलं गेलं होतं. देवळाच्या पायरीवर तो मटकन खाली बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. सुलू समोर उभी राहून त्याच्याकडे बघत राहिली. मग सदऱ्याचं टोक तिने हळूच सोडून दिलं.

मुंबईला आलेला सहदेव वेगळाच होता. मालनला त्याने काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिने त्याची धडगत ठेवली नसती, आणि खरं तर तेच बरं झालं असतं. आधी दर रविवारी तो सुलूला घेऊन आरेच्या बागेत जायचा. जाताना दोघं गोठ्यांतल्या म्हशी मोजायची, खोटं मोजल्याबद्दल भांडायची. ते बंद झालं. संध्याकाळी ती अभ्यासाला बसली की हा शेजारी बसून टोकयंत्राने पेन्सिलींना टोक काढायचा, तेही बंद झालं. पोरीची ती वाकलेली मान बघवत नसे त्याला. देवानेच ठरवलंय, आणि ही बिचारी जीव तोडून पाढे म्हणतेय, असं वाटून तो उठून गॅलरीत जायचा. सुलू त्याच्या पाठीकडे बघायची आणि परत पुस्तकात डोकं घालायची.

गंमत बघा, सुलू सुधारत होती. ताम्हणे बाईंनी तिला युक्ती दिली होती, प्रश्नाखाली बोट ठेवून दोनदा वाचायचा आणि विचारलंय काय ते आधी मोठ्याने स्वतःला सांगायचं. सहामाहीला तिला गणितात चांगले गुण पडले. मालनने शिरा केला. सहदेवला तो शिरा उतरेना. पोर जितकी वर चढेल तितकी मोठ्याने पडेल, असं त्याच्या मनाने घेतलं होतं. सहामाहीत देव गप्प बसला म्हणजे त्याने वार्षिकसाठी राखून ठेवलंय. भ्यालेल्या माणसाला चांगली बातमीसुद्धा वाईट बातमीच्या आधीची शांतता वाटते.

थंडीच्या दिवसांत स्टुडिओत एका हिंदी पिक्चरसाठी शाळेचा वर्ग उभारायचं काम निघालं. प्लायवूडच्या भिंती, खोटी खिडकी, खोटा फळा. पेंटरने दारावर झोकात 'कक्षा ३' रंगवलं. त्या खोट्या दारात सहदेवचे पाय अडखळले. "काय परब, आत भूत आहे काय?" मुकादम ओरडला. सगळे हसले. सहदेवने फळ्याला खिळे ठोकले, पण तो अख्खा वेळ मागे वळून बघत राहिला, न जाणो मागून कुणी नाव पुकारेल.

एप्रिल आला. वार्षिक परीक्षेचं वेळापत्रक सुलूने भिंतीला चिकटवलं. भाषेचा पेपर झाला, परिसराचा झाला. राहिला गणिताचा. सहदेवला घास जाईना. मालनला वाटलं ऊन लागलं, तिने कोकम सरबत दिलं. आणि त्या तापल्या डोक्यात एक कल्पना उगवली, जी फक्त पाचावर धारण बसलेल्या माणसालाच सुचू शकते. पोर पेपरला बसलीच नाही तर नापास होईल कशी? आजारी होती म्हणायचं. फार तर वर्ष जाईल, पण नापासाचा शिक्का लागणार नाही. देवाचं बोलणंही खोटं पडणार नाही आणि पोरही वाचेल. त्याला वाटलं आपण मोठीच तोड काढली.

त्या सकाळी मालन नेहमीप्रमाणे लवकर कारखान्यात गेली. सुलू तयार होती, दोन घट्ट वेण्या, कंपासपेटी, छातीशी धरलेलं पॅड. "चला बाबा," ती म्हणाली. ते हमरस्त्यावर आले, आणि शाळेकडे वळायच्या ऐवजी सहदेवने तिचा हात धरून आरेकडे जाणारी बस पकडली.

"आज बसने?" सुलूने विचारलं.

"हां."

बस सुटली. सुलू खिडकीशी बसली होती. शाळेची गल्ली आली, गेली. तिने मान वळवून मागे बघितलं. "बाबा, शाळा मागे राहिली."

सहदेवने तिचा हात आणखी घट्ट धरला. त्याचा हात ओला होता.

"बाबा, पेपर सुरू होईल."

"आज नको जावया, बाय. आज बागेत जावया. म्हशी मोजूया."

सुलूच्या तोंडावरचा रंग उडाला. कॉलनीचं नाकं गेलं, झाडी दाट झाली, रस्त्यावर सावली आली. बसमध्ये दोन दूधवाले आणि एक म्हातारी सोडून कुणी नव्हतं. सुलूने एकदा बापाच्या तोंडाकडे बघितलं, एकदा बाहेरच्या झाडीकडे, आणि तिला नक्की काय वाटलं असेल ते आठ वर्षांच्या पोराला घरापासून दूर नेलं जाताना जे वाटतं तेच. पुढच्या क्षणी तिने हात हिसडून घेतला, सीटवर चढली आणि छताखालची घंटीची दोरी लोंबकळून ओढली. टण टण टण!

"ए पोरी!" कंडक्टर ओरडला. ड्रायव्हरने ब्रेक मारला. सुलू पॅड छातीशी धरून दाराकडे धावली आणि उतरलीसुद्धा. सहदेव तिच्यामागे कसाबसा उतरला. बस शिव्या घालत निघून गेली.

जंगलातल्या त्या रस्त्यावर दोघंच उरली. सुलू आल्या दिशेने तरातरा चालू लागली. "सुले! थांब! अगो एकटी खय चललंस? हयसर वाघ असता!"

ती थांबली नाही. सहदेवने धावत जाऊन तिला गाठलं आणि खांदा धरला. तिने वळून बघितलं तेव्हा ती रडत होती. "मला नाही जायचं गावाला!"

"गावाक कोण नेता तुका?"

"तुम्ही! मी नापास झाले की तुम्ही मला आत्याकडे पाठवणार. मी ऐकलंय. मी खूप अभ्यास केला तरी तुम्ही रागावता. सहामाहीला शिरापण नाही खाल्लात."

सहदेव रस्त्याच्या कडेला उकिडवा बसला, तिच्या तोंडासमोर तोंड आणून. "मी रागवान? बाय माझे, मी भियालंय गो. देवान सांगितल्यान ना. डावो कौल दिल्यान. तू नापास होतलंस म्हणान." गणपतीपासून पोटात ठेवलेलं ते बाहेर आलं आणि तो हुंदके देऊन रडू लागला.

सुलू रडता रडता थांबली. तिने कपाळाला आठी घातली, गणित सोडवताना घालायची तशी. "पण बाबा," ती म्हणाली, "देव नाही म्हणाला."

"तांच सांगतंय. देव नाय म्हणालो."

"नाही हो! तुम्ही काय विचारलंत? आधी प्रश्न सांगा." ती हुबेहूब ताम्हणे बाईंसारखी बोलली. "तुम्ही विचारलंत, पोर नापास होईल काय? गुरवकाकांनीपण तेच म्हटलं. नापास होणार असेल तर उजवी. आणि डावी पडली. म्हणजे नाही. नाही होणार."

सहदेवच्या डोक्यात देऊळ उभं राहिलं, बाळा गुरवाचा सूर, समई. चेडू नापास होतला काय, तां इचार. ते शब्द आता त्याला स्वच्छ ऐकू आले, त्याचेच शब्द. तीस वर्षांपूर्वी दिपोटी साहेबांनी आंबे किती विचारलं होतं आणि त्याने ते कोणाचे असं उलट विचारलं होतं. देवापुढेही त्याने तेच केलं होतं. प्रश्नाकडे न बघता तो उत्तराला भ्याला होता.

"तुका ठावक होता?" त्याने घोगऱ्या आवाजात विचारलं. "गणपतीपासून?"

"हो. आत्याने सांगितलं होतं ना, डावी म्हणजे नाही."

"मगे माका सांगलंस कित्याक नाय?"

सुलूने खाली बघितलं. बुटाच्या टोकाने ती खडी उकरू लागली. "देव म्हणाला मी नापास होणार नाही, आणि तुम्ही तोंड झाकून बसलात." मग अगदी हळू आवाजात ती म्हणाली, "मला वाटलं, तुम्हाला मी नापास व्हायला हवी होते."

सहदेवला सापाने डसलं असतं तरी बरं, असं झालं. पोरगी हे घेऊन इतके महिने त्याच्या शेजारी जेवली होती, त्याच्या शेजारी झोपली होती, आणि तो गॅलरीत उभा राहून स्वतःलाच गोंजारत बसला होता. त्याने तिला उचललं, आठ वर्षांच्या घोडीला कडेवर घेतलं, आणि शाळेच्या दिशेने पळत सुटला.

बस येईना. तो पळत होता, दम लागला की चालत होता, परत पळत होता. मागून दुधाची गाडी आली, रिकाम्या बाटल्यांचे क्रेट खडखडवत. सहदेव रस्त्याच्या मधोमध हात पसरून उभा राहिला. "भय्या, बच्ची का पेपर है!" ड्रायव्हरने त्याच्या अवताराकडे बघितलं, पोरीच्या पॅडकडे बघितलं आणि मागे बसा म्हणून मान हलवली.

बाटल्यांच्या खडखडाटात, क्रेट धरून बसल्या बसल्या, सहदेवने तिला टोपलीची गोष्ट सांगितली. ती त्याने मालनलाही कधी सांगितली नव्हती. चड्डीची गोष्टसुद्धा सांगितली. सुलू हसली नाही. ती म्हणाली, "सहा."

"काय?"

"प्रत्येकाला सहा आंबे. चोवीस भागिले चार."

सहा हे काय सहदेवला ठाऊक नव्हतं? गिरणीत इतकी वर्षं काढलेला माणूस तो. पण ते उत्तर त्याला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. त्याने मान डोलावली. "सहा," तो म्हणाला.

शाळेत पोचले तेव्हा पेपर सुरू होऊन बराच वेळ झाला होता. आवार सामसूम होतं. वर्गाच्या दारात ताम्हणे बाई आल्या, चष्म्यावरून बघत. "परब, ही काय वेळ झाली?"

दार तिसरीचं होतं आणि विचारत होत्या त्या बाई होत्या. पण मागे कुणी हसत नव्हतं, आणि सदऱ्याचं टोक सुलूने परत धरलं होतं. "बाई, चूक माझी," तो म्हणाला. "पोरीची काय पण चूक नाय. मी वाट चुकलो."

"घराजवळच्या शाळेची?" बाई म्हणाल्या. मग त्यांनी सुलूच्या सुजलेल्या डोळ्यांकडे बघितलं आणि पुढे विचारलं नाही. "जा आत. गेलेला वेळ मिळणार नाही, तेवढं लक्षात ठेव. प्रश्न दोनदा वाचायचा, घाई झाली तरी. आणि परब, तुम्ही बाहेर."

सुलू खिडकीजवळच्या तिच्या बाकावर बसली. सहदेव व्हरांड्यात त्या खिडकीशी उभा राहिला. सुलू तिसरी पास झाली, पुढच्या साऱ्या परीक्षाही पास झाली, आणि गावी गेल्यावर परबांच्या तिसरीवर आता कुणी बोलत नाही. पण त्या सकाळी यातलं काहीच कुणाला माहीत नव्हतं. देव नाही म्हणाला होता हे खरं, पण देवाने विचार केला तेव्हा बाप पोरीला पेपराच्या दिवशी पळवून नेईल हे त्याने धरलं होतं का? घड्याळाकडे बघून सहदेवच्या जिवाचं पाणी पाणी होत होतं.

आणि सुलू लिहिता लिहिता मध्येच मान वर करून खिडकीकडे बघायची. कशाला बघते ते सहदेवला आता कळत होतं. बापाला आपण पास व्हायला हवी आहे ना, तेवढंच ती बघत होती. म्हणून तो हसत उभा राहिला. घंटा होईपर्यंत, गाल दुखेपर्यंत हसत राहिला. गुडघे लटलट कापत होते, पण ते खिडकीच्या खाली होते, तिला दिसत नव्हते.